नाशिकमध्ये राहून फॉइल तलवारबाजीत आंतरराष्ट्रीय करिअर होऊ शकतं का?

मुलगी नववीत आहे, तलवारबाजीच्या तीन प्रकारांपैकी फॉइलमध्ये राज्य स्पर्धा खेळली आहे, आता यातच पुढे जाऊ द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकचाच, फॉइल खेळलो, हल्ली संध्याकाळी पंचवटीत मुलांना शिकवतो. आडपडदा न ठेवता सांगतो: खेळू द्या, पण पोट तलवारीवर भरेल असं धरून चालू नका. हे रडगाणं फक्त आपलं नाही. ऑलिंपिकची ६ सुवर्णपदकं जिंकणारी इटलीची व्हॅलेंटिना वेझाली पोलीस दलात होती. टोकियो आणि पॅरिस, दोन्हीकडे वैयक्तिक सुवर्ण घेणारी अमेरिकेची ली कीफर खेळता खेळता डॉक्टरकी शिकत होती. आपल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळसुद्धा सैन्यात गेला, तिथे रोइंगला लागला आणि २०१६ला रिओला पोहोचला.

मग पैसा लागतो कुठे? किट महाग आहेच, पाती मोडतात. पण खरा खर्च प्रवासाचा, आणि त्याचं कारण फॉइलच्या नियमातच आहे. फक्त धडावर टोचायचं, आणि दोघींचे रंगीत दिवे (टोच बरोबर लागल्याची खूण) एकदम लागले तर हल्ल्याचा हक्क कोणाचा होता हे रेफ्री ठरवणार. इथे आपल्या मुली त्याच त्या चेहऱ्यांशी खेळतात. बाहेर गेल्यावर समोरची हात आखडता ठेवून नुसती पुढे चालत येते. आपली हात लांब करून टोचते, दोन दिवे लागतात, हिला वाटतं गुण आपला. रेफ्रीचा हात मात्र तिच्या बाजूला! का, तर चाल तिची होती. व्हिडिओ बघून हे डोक्याला कळतं, पायांना कळत नाही. त्यासाठी अनोळखी खेळाडूंशी भरपूर बाऊट, म्हणजे लढती, हव्यात. त्यात पूलचे, म्हणजे सुरुवातीच्या गटातले, बाऊट ५-५ टचचे. ते वाईट गेले की स्पर्धा सकाळीच संपते, विमानाचं भाडं मात्र पूर्ण द्यावं लागतं.

भवानी देवी टोकियोला गेली, ऑलिंपिक खेळणारी पहिली भारतीय तलवारबाज. तिचा प्रकार सेबर, पण तीही इटलीत राहून सराव करायची. फॉइलमध्ये आपलं कोणीही अजून ऑलिंपिकला गेलेलं नाही. ज्याला जसं वाटेल तसं त्याने यातून घ्यावं. मला तर जागा मोकळी दिसते.

आत्ता एवढंच करा. शाळा सोडवू नका. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण तिथेही शिक्षणाची अट असतेच, म्हणून प्रमाणपत्रं नीट जपून ठेवा. छत्रपती संभाजीनगरच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात निवड चाचणीची चौकशी करा. तिथे तिला तोडीच्या जोडीदारणी मिळतील. महागडं परदेशी पातं इतक्यात नको. आणि सरांना सांगून दर आठवड्याला एखाद्या डावखुऱ्या मुलाशी खेळवा. वरच्या पातळीवर डावखुरे फार भेटतात, आणि त्यांच्यासमोर अंतराचा सगळा अंदाज चुकतो.