काचेला पोटाने चिकटणारा हा गाठाळ, गोल मासा केंड (पफरफिश) आहे का? कोकणात टाकीत पाळता येईल का?

नाही, तुम्ही वर्णन केलेला गाठाळ मासा लंपफिश आहे, शास्त्रीय नाव सायक्लॉप्टेरस लंपस. तो उत्तर अटलांटिकचा, म्हणजे नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंड, कॅनडा इकडचा. आपल्या रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात) गोल मासा आला तर तो बहुधा केंडच, आणि त्याचं विष शिजवून जात नाही, म्हणून खाऊ नका.

ओळखायला मासा उलटा करा. केंडाला पोटाकडचे पर मुळीच नसतात. लंपफिशचे तेच पर जुळून चिकटायची गोल चकती झालेली असते. केंड डिवचल्यावर फुगतो. लंपफिशचा आकारच गोल. खवले नाहीत, जाड कातडीवर हाडांच्या गाठींच्या तीन-तीन ओळी दोन्ही कुशींवर. पाठीवरचा पहिला पर कातडीत गडप होऊन उंचवटा बनतो. मादी अर्ध्या मीटरपर्यंत वाढते, नर बराच लहान.

याला वाताशय, म्हणजे तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी, नसतो आणि पोहणंही जेमतेम. तरी मोठे मासे वर्षातला बराच काळ खुल्या समुद्रात काढतात आणि वसंतात खडकाळ उथळ किनाऱ्याला येतात. मादी अंड्यांचा गोळा खडकाला चिकटवते आणि निघून जाते. पुढे नरच राखण करतो, सहा ते दहा आठवडे, जवळजवळ उपाशी. तेव्हा त्याचं अंग लालसर-नारिंगी होतं. गोळ्याच्या आतल्या अंड्यांना प्राणवायू मिळावा म्हणून तो परांनी सतत पाणी ढकलतो. मोठ्या ओहोटीला खडक उघडा पडला तरी हलत नाही, आणि समुद्रपक्षी त्याला टिपतात. माशांमध्ये एवढं चिकट बापपण मला फार थोर वाटतं. नॉर्वे-स्कॉटलंडच्या सॅमन पिंजऱ्यांत सॅमनच्या अंगावरच्या समुद्री उवा खायला लंपफिश सोडतात, कारण थंडीत तिथले दुसरे उवाखाऊ मासे सुस्तावतात.

आता टाकी. त्याला साधारण 5 ते 12 अंशांचं पाणी लागतं. आपला समुद्र 26 ते 30 अंशांचा. 10 अंशांच्या खाऱ्या पाण्यात लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 28 अंशांना साडेसहाच्याही खाली, आणि गरम पाण्यात माशाची गरज उलट वाढते. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, चोवीस तास चाललं पाहिजे. पावसाळ्यात वीज गेली की पाणी तापू लागतं. दमट हवेत थंड काचेवर सारखं पाणी साचतं, म्हणून दुहेरी काच हवी. थंड पाण्यात फिल्टरमधले, माशाच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवणारे जिवाणूही सावकाश वाढतात, तेवढ्यात अमोनिया चढतो. चिकटायला गुळगुळीत पृष्ठभाग नसेल तर मासा थकतो. गर्दी झाली तर एकमेकांचे पर कुरतडतात. एवढा खर्च घरी करू नका, असंच मी सांगेन.

चिकटणाराच मासा हवा असेल तर खाडीतली निवटी बघा. तिचेही पोटाकडचे पर जुळलेले असतात. टाकी अर्धी चिखलाची, अर्धी मचूळ पाण्याची ठेवा आणि झाकण घट्ट लावा, कारण ती काचेवर चढून बाहेर पडते.