जुन्या गाडीत कोणते इंजिन बसवावे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची 1985 ची प्रीमियर पद्मिनी आहे. तिला पुढे डिस्क ब्रेक, बकेट सीट आणि रुंद टायर बसवून घेतले आहेत. आता इंजिन धूर सोडते आणि ऑइल खाते. मारुती जिप्सीचे 1.3 लिटरचे इंजिन बसवावे, असे मित्र सुचवतात. काय करावे? (एक वाचक, लातूर)

उत्तर : आधी आहे ते इंजिन मोजून घ्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजने तपासावे. एखादा सिलिंडर कमी भरला, तर प्लगच्या छिद्रातून त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दोष रिंग-पिस्टनचा आणि तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा असतो. पद्मिनीच्या 1089 सीसीच्या इंजिनाला बोअर करून (सिलिंडर आतून घासून रुंद करून) ओव्हरसाइज पिस्टन घालता येतात, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) ग्राइंड करून घेता येतो, आणि अशी कामे करणारे जुने कारागीर आपल्याकडे अजून आहेत. हेड उघडलेच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कठीण धातूच्या सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्या) बसवून घ्याव्यात, कारण हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले आहे; शिसे या सीटची झीज रोखत असे आणि ते पेट्रोल देशात 2000 साली बंद झाले.

आता जिप्सीच्या इंजिनाविषयी. मित्रांची सूचना अर्धी बरोबर आहे. पद्मिनीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते, म्हणून तिला लांबीच्या दिशेने उभे राहणारे इंजिन लागते. जिप्सीचे इंजिन तसे आहे आणि तिचा गिअरबॉक्स ट्रान्सफर केसपासून (चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या भागापासून) वेगळा असल्याने तो एकटा वापरता येतो. मारुतीच्याच एस्टीममध्ये त्याच कुळातले इंजिन आडवे बसते, त्यामुळे भंगार बाजारात ते स्वस्त मिळाले तरी आपल्या कामाचे नाही. खरी अडचण पुढे आहे. मूळ इंजिन सुमारे 40 अश्वशक्तीचे, तर जिप्सीचे 16 व्हॉल्व्हचे इंजिन 80 अश्वशक्तीचे. मागचा क्राऊन-पिनियन (मागच्या चाकांना ताकद देणारे दातेरी चाक), एक्सल आणि मागचे ड्रम ब्रेक निम्म्या ताकदीचा विचार करून बनवलेले आहेत. शिवाय जिप्सीच्या या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनाला टाकीत जास्त दाबाचा पंप, पेट्रोलची परतीची नळी, ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि संपूर्ण वायरिंग लागते. इंजिनाचे चेंबर (खालचे ऑइलचे भांडे) क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या पट्टीला) किंवा स्टिअरिंगच्या दांड्यांना अडते का, हे तर इंजिन विकत घेण्याआधीच फूटपट्टी लावून पाहावे.

मूळ ब्लॉकला तडा गेला असेल, तर माझी पसंती प्रीमियर 118 एनईच्या 1171 सीसीच्या निसान इंजिनाला राहील. ते कार्ब्युरेटरचे, लांबीत उभे राहणारे आणि सुमारे 52 अश्वशक्तीचे आहे, म्हणजे ही वाढ जुन्या सांगाड्याला पेलते. मात्र ते त्याच्या गिअरबॉक्ससह घ्यावे. एका कंपनीचे इंजिन आणि दुसऱ्या कंपनीचा गिअरबॉक्स मधे लोखंडी पट्टी घालून जोडतात, तेव्हा क्रँकचा आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य तंतोतंत जुळावा लागतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी चूकही पुरते. अशी जोडणी केलेली एक गाडी माझ्याकडे आली होती. कन्नडच्या घाटात तिच्या गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग फुटले होते, आणि त्याआधी दोन वेळा बदललेल्या क्लच प्लेटकडे पाहूनही कोणाच्या लक्षात मूळ दोष आला नव्हता.

प्रश्न : दुसऱ्या कंपनीचे इंजिन बसवल्यास आरटीओत नोंद होते का? (एक वाचक, बीड)

उत्तर : मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार, उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका घेतली. सीएनजीसारख्या इंधनासाठीच्या बदलाला अटींसह वेगळी मुभा आहे. म्हणून त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन हाच सरळ मार्ग आहे, आणि तोही आधी लेखी परवानगी घेऊन, इंजिन कोठून आले याची पावती जपून ठेवून, नवा इंजिन क्रमांक आरसीवर चढवून घेऊनच पूर्ण होतो. बेकायदा बदलासाठी कलम 182 अ खाली प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघातानंतर इंजिन क्रमांक जुळला नाही, तर विमा कंपनीपुढे आपली बाजू लंगडी पडते. लातूरच्या वाचकांनीही माझ्या वरील उत्तराचा तांत्रिक भाग या उत्तरासह वाचावा.

प्रश्न : माझ्या एमएम 540 जीपला प्यूजोचे 2112 सीसीचे डिझेल इंजिन आहे. महिंद्राचेच 2523 सीसीचे डीआय इंजिन घ्यावे का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : शेतावर, ट्रॉली ओढायला, कमी वेगात जोर हवा असेल तर घ्यावे. प्यूजोच्या इंजिनात डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटते, म्हणून थंडीत हीटर प्लग लागतात. डीआयमध्ये ते थेट पिस्टनवर फवारले जाते, त्यामुळे उष्णता कमी वाया जाते आणि डिझेलही कमी लागते. त्या बदल्यात खडखड आणि थरथर वाढते. फाउंडेशन रबर (इंजिन ज्यांवर बसते ते) नवीन घ्यावेत, चेसीसवरचे ब्रॅकेट तपासावेत. इंजिनाचा प्रकार बदलत असल्याने परवानगी मात्र आधीच घ्यावी.

प्रश्न : बदललेले इंजिन एप्रिल-मे महिन्यांत सतत तापते. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी फरक नाही. (एक वाचक, परभणी)

उत्तर : आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 42 अंशांच्या पुढे जातो, हे खरे, पण निरोगी इंजिन तेवढ्यावर तापत नाही. मला पहिला संशय पाण्याचा आहे. आपण रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालतो, आणि मराठवाड्यातल्या बहुतेक बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. चहाच्या पातेल्यात बसतो तसा पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि वॉटर जॅकेटमध्ये (इंजिनातल्या पाण्याच्या वाटांत) बसतो, आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. जुन्या बिडाच्या ब्लॉकने हे वर्षानुवर्षे सोसले. नव्या पिढीच्या ॲल्युमिनियमच्या इंजिनाला साधे पाणी आतून कुरतडते. रेडिएटर खोलून साफ करावा आणि यापुढे डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेले कूलंटच घालावे.

थर्मोस्टॅट परत बसवावा, कारण तो नसेल तर इंजिन नेमक्या तापमानावर स्थिर राहत नाही, पेट्रोल जास्त जाते आणि सिलिंडरची झीज वाढते. त्यानंतर पंख्याभोवतीचे शीट पाहावे. इंजिन बदलताना पंखा रेडिएटरपासून दूर सरकतो आणि शीट काढून टाकले जाते. मग पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी इंजिनाभोवतीची गरम हवाच फिरवत राहतो. गाडी वेगात ठीक आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडताना तापत असेल, तर दोष येथेच आहे.

प्रश्न : आजोबांची 1968 ची फियाट 1100 मूळ इंजिनासह बंद पडून आहे. नवे इंजिन टाकून ती रोज वापरावी का? (एक वाचक, जालना)

उत्तर : कृपया टाकू नये. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, चेसीस, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार न झालेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि तिला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. इंजिन बदलले की ही संधी गेली. अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापरासाठी नसते, त्यामुळे रोजच्या कामाला दुसरी गाडी ठेवावी. जॅम झालेल्या इंजिनाला धक्का मारून सुरू करण्याचा प्रयत्नही करू नये; प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, काही दिवस तसेच राहू द्यावे आणि मग क्रँक हाताने, अगदी हळू फिरवून पाहावा.