थकलेल्या माणसाची सही

"मॅडम, मी थकले म्हणून तर असं म्हणत नाही ना?"

सुनंदाने हे मला आयसीयूबाहेरच्या जिन्यात विचारलं. पायरीवर डबा, त्यातली भाकरी सकाळपासून तशीच. मुठीत एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी, आत तुळशीची माळ आणि कानातल्या कुड्या. भरती करताना सिस्टरने आईच्या अंगावरचं काढून हिच्या हातात दिलं होतं. बारा दिवस ती पिशवी मुठीतच होती.

नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सांगली जिल्ह्यातलं शेतकरी घर. आक्का, वय ७६, मेंदूत मोठा रक्तस्राव, किडन्या आधीच निम्म्या गेलेल्या. पहिल्या रात्रीपासून व्हेंटिलेटर. आता तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही म्हणून गळ्याला भोक पाडून तिथून नळी घालायची होती. ट्रॅकिओस्टोमी. त्याच्या फॉर्मवर सुनंदा सही करेना. "नातेवाईक सही देत नाहीत, जरा बोलून घ्या," असा मला फोन आला. समुपदेशक म्हणजे सही मिळवून देणारी बाई, असं आमच्या निम्म्या इमारतीला वाटतं.

सुनंदा नवऱ्याच्या माघारी माहेरी आली, ती सात वर्षं आईचंच करत होती. दोन वर्षांपूर्वी आक्कांची एक बाजू लुळी पडली, तेव्हापासून तर चोवीस तास. कूस बदलणं, इन्सुलिन, चादरी. थोरला भाऊ गावात शेती बघतो, धाकटा चाकणला कंपनीत. डॉक्टरांनी "शुद्धीवर येण्याची आशा नाही" म्हटल्यावर हिनेच आधी तोंड उघडलं, की मग आता पुरे करू. धाकटा म्हणाला, "सात वर्षं केलंस आणि बारा दिवसांत कंटाळलीस?"

तेव्हापासून ती गप्प होती. माझ्याकडे आली तोवर भावाचं वाक्य तिचं स्वतःचं झालं होतं.

त्या क्षणी मी तिला उत्तर दिलं नाही. "नाही हो, तुम्ही कुठे थकलात" असं म्हटलं असतं तर ते धडधडीत खोटं झालं असतं, आणि ते तिलाही कळलं असतं. मी फक्त विचारलं, आक्का स्वतः कधी काही बोलल्या होत्या का?

बोलल्या होत्या. पाच वर्षांपूर्वी त्यांचे यजमान असेच आयसीयूत गेले तेव्हा. "मला असल्या नळ्यांत बांधून ठिवू नगा. माझं जे व्हायचं ते माझ्या घरच्या सोप्यात होऊ दे." थोरल्यानेही ऐकलं होतं. धाकटा तेव्हा पॅसेजमध्ये फोनवर होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माझ्या खोलीत बसवलं. तिघं भावंडं, थोरली सून आणि आक्कांचे भाऊ, माळकरी, ऐंशीच्या घरातले.

थोरल्याने थेट सुरुवात केली. "मशीन काढलं की आक्का गेली. म्हंजे आम्हीच मारली की."

हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. कोल्हापुरी, माणदेशी, कानडी मिसळलेल्या मराठीत, पण हेच. मी त्यांना विचारलं, पहिल्या रात्री डॉक्टर म्हणाले असते की मशीन लावण्यात अर्थ नाही आणि तुम्ही लावलं नसतं, तर आक्का कशाने गेल्या म्हटलं असतं? "ॲटॅकनं," ते म्हणाले. मेंदूतल्या रक्तस्रावाला आमच्याकडे ॲटॅकच म्हणतात. मग आज काढलं तर कशाने? ते गप्प बसले. न लावणं आणि लावलेलं काढणं यात वैद्यकीय नीती फरक मानत नाही, आपलं सर्वोच्च न्यायालयही मानत नाही. मनाला मात्र तो डोंगराएवढा वाटतो, आणि तर्काने तो हलत नाही हेही मला माहीत आहे. सुईने औषध देऊन जीव घेणं वेगळं, तो आपल्याकडे गुन्हाच आहे. आजाराला अडवून धरलेला हात बाजूला घेणं वेगळं. एवढं सांगून मी थांबले.

धाकटा तयारीनिशी आला होता. "मॅडम, केईएमच्या त्या नर्सला बेचाळीस वर्षं ठेवलंच ना? कोर्टानेच नाही म्हणून सांगितलं."

अरुणा शानभाग. १९७३ च्या नोव्हेंबरात हल्ला झाला, मेंदूला कायमची इजा झाली, तशाच अंथरुणाला खिळून राहिल्या आणि २०१५ च्या मेमध्ये न्यूमोनियाने गेल्या. महाराष्ट्रात या विषयावर बोलताना त्यांचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही, आणि बहुतेक वेळा चुकीचं निघतं. त्यांना व्हेंटिलेटर नव्हताच. त्या स्वतः श्वास घेत होत्या, केईएमच्या नर्स त्यांना भरवत, पुसत, अंगावर जखम होऊ देत नसत. त्यांना भरवणं थांबवून जाऊ द्यावं, अशी लेखिका पिंकी विराणी यांची याचिका ७ मार्च २०११ ला फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने त्या नर्सना आणि रुग्णालयालाच अरुणाचं जवळचं माणूस मानलं. आणि त्याच निकालाने, ठरावीक परिस्थितीत उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवता येतील, असा रस्ताही पहिल्यांदा उघडला. मी धाकट्याला म्हटलं, तुम्ही म्हणता त्या गोष्टीतल्या नर्स म्हणजे तुमच्या घरात कोण, ते बघा.

तो बहिणीकडे बघेना. खिडकीकडे बघत राहिला.

मामा म्हणाले, "विनोबांनी पवनारला अन्नपाणी सोडलंच की. त्यांना कुणी पाप म्हणलं?" बरोबर, १९८२. पण विनोबांनी स्वतः ठरवलं होतं, समजावायला येणाऱ्यांना स्वतः नकार दिला होता. आक्कांना आज बोलता येत नाही, म्हणून आपल्याला त्यांचं पाच वर्षांपूर्वीचं बोलणं धरून चालावं लागतंय. मामांना हे पटलं की नाही कळलं नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले.

धाकट्याच्या व्हॉट्सॲपवर आक्का "ब्रेनडेड" झाल्या होत्या, तेही निस्तरावं लागलं. ब्रेनडेड म्हणजे मेंदूचा देठच कायमचा बंद पडलेला. त्याच्या चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात, आणि कायदा त्याला मृत्यूच मानतो. आक्कांना घशातला कफ ओढून काढताना अजून ठसका येत होता. त्या ब्रेनडेड नव्हत्या. म्हणूनच प्रश्न अवघड होता.

मग थोरला मुद्द्यावर आला. "त्यापेक्षा डामा घेतो मॅडम. गाडी करून घरी न्हेतो."

डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. आमच्याकडे आयुष्याचा शेवट बऱ्याचदा याच कागदावर होतो आणि कुणीच त्याला इच्छामरण वगैरे म्हणत नाही. रुग्णालय सुटतं, बिलाचं मीटर थांबतं. ॲम्ब्युलन्समध्ये एक जण ॲम्बू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबत बसतो. एका रिक्षावाल्या पोराला मी असं जाताना पाहिलं आहे. चाळीस किलोमीटर तो आईची पिशवी दाबत गेला आणि घराच्या दारात हात थांबवला. ना झोपेचं औषध, ना धाप कमी करायला काही, ना शेजारी डॉक्टर. तीन वर्षांनी माझ्याकडे आला. रात्री उजव्या हाताची बोटं आखडतात म्हणाला. कायदेशीर मार्गाने मशीन काढायला घाबरणारी माणसं हा रस्ता सहज धरतात, कारण इथे "काढायचा निर्णय" असा कुणी घेतलेलाच नसतो. सगळा भार त्या एका हातावर येतो.

मी हे त्यांना जसंच्या तसं सांगितलं. थोरल्याने स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं.

पैशाचंही बोलून घेतलं. दोन म्हशी विकल्या होत्या. खर्चाचा विचार मनात आला म्हणजे आपण नालायक, असं प्रत्येक घराला वाटतं, म्हणून कुणी बोलत नाही आणि मग तोच विचार मागच्या दाराने निर्णय करतो. टेबलावर आला की निदान दिसतो तरी.

मग रीत सांगितली. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कातच, धरला. तेव्हाची प्रक्रिया इतकी किचकट होती की कुणी वाटेला जाईना. २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी केली. आता उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले, किमान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ मिळून पहिलं मंडळ. त्यांचं मत झालं आणि घरच्यांनी लेखी संमती दिली, की दुसरं मंडळ. त्यात आधीचे डॉक्टर नसतात, आणि एक जण जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. अंमल करण्यापूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं, परवानगी मागायची नाही. मंडळाने नाही म्हटलं तर घरच्यांना उच्च न्यायालय आहे. हे सगळं रीतसर केलं तर पोलीस येण्याचं कारण उरत नाही.

"आधी लिहून ठेवलं असतं तर?" धाकट्याने विचारलं. तर मंडळं टळली नसती, पण तुमच्यातलं भांडण टळलं असतं, मी म्हटलं. असं आधी लिहून ठेवणं म्हणजे लिव्हिंग विल, ते अठरा वर्षांवरच्या कुणालाही करता येतं. दोन साक्षीदारांसमोर सही, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन, आणि आपल्या वतीने बोलणाऱ्याचं नाव. एक प्रत घरच्यांकडे आणि एक फॅमिली डॉक्टरकडे असलेली बरी.

सगळे उठले तशी सुनंदा मागे रेंगाळली. आदल्या दिवशीचा प्रश्न अजून हवेत होताच.

मी म्हटलं, "तुम्ही थकलात. सात वर्षांनी कुणीही थकेल. आक्कांना हे नको होतं, हेही खरं आहे. दोन्ही एकाच माणसात असू शकतं. दोन दोन मंडळं कशाला ठेवलीत? थकलेल्या माणसाच्या शब्दावर कुणी जाऊ नये म्हणून, आणि थकलेल्या माणसाने एकट्याने ते ओझं उचलू नये म्हणूनही. तुमच्या सहीच्या मागेपुढे सहा डॉक्टर असणार आहेत. त्यांच्यातल्या कुणी सात वर्षं चादरी बदललेल्या नाहीत. चुकत असाल तर ते सांगतील."

ती पहिल्यांदाच रडली. मग डबा उघडून कडक झालेली भाकरी खाल्ली.

पुढे सहा दिवस गेले. आमच्याकडे ही प्रक्रिया पहिल्यांदाच होत होती. न्यायदंडाधिकाऱ्यांना द्यायचं पत्र घेऊन गेलेला आमचा माणूस दुपारभर थांबला, कारण ते कुठल्या नोंदवहीत घ्यायचं हे कुणाला ठरवता येईना. त्या दिवसांत धाकटा रोज रात्री आईजवळ थांबला. मी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी बाजूच्या खोलीत नळी काढली. धाप लागू नये म्हणून मॉर्फिन होतं, आणि ते कशासाठी आहे हे डॉक्टरांनी आधीच तिघांना सांगितलं होतं. सिस्टरने माळ परत गळ्यात घातली. सगळ्यांना वाटलं आता पाच मिनिटं. आक्का मात्र श्वास घेत राहिल्या. तास झाला, रात्र झाली. पहाटे सुनंदाचा मला फोन, आवाज पार फाटलेला. "मॅडम, श्वास चालूच आहे. चुकलं का आमचं?"

अशा वेळी काही तास किंवा काही दिवसही जाऊ शकतात, हे मी बैठकीत सांगायला हवं होतं. राहून गेलं. ती चूक माझी. मी बोलायच्या आतच मागून थोरल्याचा आवाज आला, "बघ की, आपण न्हाई मारलं. तिची तीच चाललीया."

एकोणतीस तासांनी गेल्या. सोप्यात नेता आलं नाही, तासाभराचा प्रवास डॉक्टरांना धोक्याचा वाटला. ते सुनंदाला अजून सलतं, आणि सलणारच.

ती मंगळवारी येते. सुरुवातीला सहीबद्दल बोलायची, मग पहाटेच्या त्या श्वासांबद्दल. मागच्या खेपेला पाऊण तास आक्कांवर चिडून बोलली. गावभर सांगायची म्हणे, आमच्या सुनंदाच्या हातचा भात कायम कच्चा. "सात वर्षं दोन्ही वेळ तोच खाल्ला की मॅडम, वर दही मागून!"