दम लागणाऱ्या माणसाला तोलाचे व्यायाम झेपतील का?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा की वडिलांना बऱ्याच वर्षांची सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) आहे, घरात ऑक्सिजन चालू असतो आणि गेल्या महिन्यात ते दोनदा पडता पडता वाचले. रोज थोडं चालतातच, मग तोलाचे वेगळे व्यायाम कशाला, आणि एवढ्या दमात ते झेपतील का?

झेपतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, फुप्फुसाच्या रुग्णांमध्येच माझा दिवस जातो. दोन मिनिटं चालून थांबावं लागणाऱ्या माणसाला सायकल मारायला सांगितलं तर तो माझ्याकडे रागाने बघतो. पण आधार धरून एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे ठेवून दहा सेकंद उभं राहायला दम फारसा खर्च होत नाही. आजार जितका पुढे गेलेला, तितका हा व्यायाम सोयीचा पडतो.

चालण्याने तोल आपोआप सुधारेल असं पूर्वी मीही धरून चालायचे. पुनर्वसनात, म्हणजे फुप्फुसाच्या रुग्णांना व्यायामाने पुन्हा सावरायच्या कार्यक्रमात, आमचा सगळा भर चालणं, सायकल आणि मांड्यांच्या ताकदीवर. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात सीओपीडीच्या काही रुग्णांना नेहमीच्या पुनर्वसनाच्या जोडीला सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास तोलाचे व्यायाम दिले. नुसतं पुनर्वसन घेणाऱ्यांपेक्षा त्यांचा तोल चाचण्यांमध्ये स्पष्ट सुधारला. स्वतःच्या तोलावरचा विश्वास मात्र दोन्ही गटांत वेगळा म्हणावा इतका वाढला नाही. हे मला अगदी पटतं. पाय सावरले तरी मनातली धास्ती रेंगाळते, म्हणून 'आता घाबरताय कशाला' असं वडिलांना म्हणू नका.

आता फुप्फुसाच्या आजारात तोल का जातो? मांड्या बारीक झालेल्या असतात, हालचाल कमी झालेली असते, स्टेरॉइडच्या गोळ्या वारंवार घेतल्या असतील तर स्नायूंची ताकद आणखी घटते. हे सगळ्यांच्या लक्षात येतं. न दिसणारी गोष्ट वेगळी आहे. श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) आणि पोटाचे, बरगड्यांमधले स्नायू एरवी दोन नोकऱ्या करतात, श्वास घेणं आणि धड सावरणं. दम वाढला की ते सगळे श्वासाच्या दिमतीला जातात आणि धड सांभाळायला कोणी उरत नाही. म्हणून ही माणसं नुसती सरळ चालतानाच नाही, तर इतर हालचालींतही पडू शकतात. वळताना, उठताना, वरच्या फळीकडे हात नेताना त्यांचा झोक जातो.

माझ्याकडे एक काका यायचे. खुर्चीतून उठायचं म्हटलं की ते आधी छातीत हवा भरून घेत, ती तशीच कोंडत आणि एका झटक्यात उभे राहत. उठले रे उठले की डोळ्यांपुढे अंधारी आणि हात भिंत शोधायला. पहिला आठवडा आम्ही दुसरं काहीच केलं नाही. पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायची, अंग पुढे झुकवायचं, ओठांचा चंबू करून फुंकर सोडत सोडत उठायचं, उभं राहिल्यावर दोन श्वास जागेवरच घ्यायचे, मग पाऊल. काकांना हा पोरखेळ वाटायचा. आठव्या दिवशी हात मांडीवर न टेकता उठले, तेव्हा तेच मला म्हणाले, "परत एकदा बघ."

घरी करायचं असेल तर खोलीचा कोपरा निवडा. पाठीमागे दोन भिंती, समोर न हलणारी जड खुर्ची आणि शेजारी तुम्ही. पाय जुळवून उभं राहणं, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या चवड्यापुढे एका रेषेत, आणि शेवटी एका पायावर. एक पायरी दहा सेकंद सहज जमल्याशिवाय पुढच्या पायरीवर जायचं नाही. ते जमलं की उभं असताना मान हळूहळू दोन्हीकडे वळवायची, नंतर हात वर न्यायचा, तोही श्वास सोडतानाच. हात डोक्यावर गेले की या रुग्णांचा दम एकदम वाढतो, म्हणून हे अगदी शेवटी. अर्धा तास सलग करायची गरज नाही, पाच-पाच मिनिटं दिवसातून तीनदा केलं तरी चालेल.

वेळ शक्यतो पंप घेतल्यानंतरची ठेवा, भरल्या पोटी नको. दमाला 0 ते 10 गुण दिले तर 3-4 पर्यंत ठीक, त्यापुढे बसायचं. ऑक्सिजन व्यायामासाठी काढायचा नाही आणि प्रवाह आपल्या मनाने वाढवायचाही नाही. काही रुग्णांच्या रक्तात त्याने कार्बन डायऑक्साइड साठतो. रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या बोटावरच्या यंत्रातला आकडा कितीपर्यंत उतरलेला चालेल हे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. बऱ्याच ठिकाणी 88 टक्क्यांच्या खाली गेला की व्यायाम थांबवतात. छातीत दुखलं, गरगरलं किंवा घाम फुटला तर त्या दिवशी व्यायाम बंद, आणि डॉक्टरांना लगेच कळवायचं.

सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना ते दोन प्रसंग सविस्तर सांगा. झोपेची गोळी चालू आहे का, उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो का, स्टेरॉइडमुळे हाडं ठिसूळ झालीत का, हे आधी बघायला हवं. मध्येच दम वाढून दवाखान्यात राहावं लागलं तर परत आल्यावर जिथे सोडलं तिथून सुरू करू नका, दोन पायऱ्या खाली उतरा.

आणि ती ऑक्सिजनची नळी! वळताना ती पायात येते, हे घरच्यांना सांगूनही खरं वाटत नाही. वडिलांना नळीचा सैल भाग एका हातात धरून, छोट्या छोट्या पावलांनी, एका जागी गर्रकन न फिरता वळायची सवय लावा. ज्या बाजूने वळलात त्याच बाजूने पुन्हा वळलात तर वेढा बसतो, तेव्हा परतताना उलट बाजूने वळायचं. हाही तोलाचाच व्यायाम समजा, रोज पाच-सहा वेळा करून घ्या.