मेण, मोम आणि रावेरची केळ

भुसावळच्या एका वाचकांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. सुगंधी मेणबत्तीच्या खोक्यावर ‘मेणबत्ती चालू केल्यावर दोन तास बंद करू नये’ असे छापलेले असते, ते बरोबर आहे काय. आणि ‘मेण’ हा फारसी ‘मोम’चा अपभ्रंश आहे, हे खरे काय? पहिल्याचे उत्तर सोपे आहे. पंखा चालू करतात; मेणबत्ती लावतात किंवा पेटवतात, आणि विझवतात किंवा मालवतात. तिला बटण नसते.

‘मोम’वाले विद्वान मला वारंवार भेटतात. शब्दाच्या शेवटी असलेल्या ‘म’चा ‘ण’ कोणत्या नियमाने होतो, हे त्यांपैकी एकानेही आजवर सांगितलेले नाही. संस्कृतात मधमाशांच्या मेणाला ‘मदन’ असेही नाव आहे. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘द’ गळून त्याचे ‘मयण’ झाले, आणि पुढे ‘अय’चा ‘ए’ होऊन आपले ‘मेण’ आले. पुरावा हवा असेल त्याने पुस्तके मिटावीत आणि रावेर-यावलच्या कोणत्याही बागेत जाऊन उभे राहावे. कदली, कयली, केळ: तोच ‘द’ गळतो, तोच ‘ए’ येतो, आणि ‘मदन’मधल्या ‘न’चा जसा ‘ण’ होतो तसा ‘कदली’तल्या ‘ल’चा ‘ळ’ होतो. (डोळ्याला ‘डोया’ म्हणणाऱ्या आमच्या अहिराणीने आणि लेवा बोलीने तो ‘ळ’सुद्धा पुढे ‘य’कडे नेला, ही निराळी मौज.) मेण आणि केळ एकाच वाटेने चालत आलेले असताना फारसीच्या दारात जाण्याचे कारणच काय?

‘बत्ती’ मात्र खरोखर उसनी आहे. संस्कृत ‘वर्ति’पासून मराठीत ‘वात’ झाली आणि हिंदीत ‘बत्ती’. घरी वात असताना आपण शेजारची बत्ती मेणाला जोडली, आणि तीही कापूस पिकवणाऱ्या या मुलखात!

मेणबत्तीचा सारा कारभार त्या वातीवरच चालतो. वितळलेले मेण केशाकर्षणाने वातीतून वर चढते, ज्योतीच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीच्या पांढऱ्या धुराला पेटती काडी लावली, तर ज्योत त्या धुरावरून उतरत वातीवर येते. सुगंध मात्र ज्योतीतून येत नाही, कारण ज्योतीत गेलेले सुगंधी तेल जळून जाते. तो दरवळतो वातीभोवती साचलेल्या पातळ मेणाच्या तळ्यातून. ते तळे काठापर्यंत पसरण्याआधीच मेणबत्ती विझवली, तर मध्ये खड्डा पडतो आणि कडेचे मेण तसेच राहते. म्हणून खोक्यावरची सूचना अर्थाने योग्य आहे. तेथे ‘मेणबत्ती लावल्यावर मेण काठापर्यंत वितळल्याशिवाय विझवू नये’ असे छापावे.