फायटेज घातलं, मग डीसीपी किती काढायचं?

फायटेज विकणारे म्हणतात, 'टनाला १०० ग्रॅम टाका आणि डीसीपी बंद करा.' खरंच बंद करता येतं? (नवापूर)

बंद नाही, कमी. डीसीपी म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, कोंबडीच्या खाद्यात फॉस्फरस आणि कॅल्शियमसाठी घालतात ते. मका, सोयापेंड, भाताचा कोंडा यांतला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो. तो सोडवणारं एन्झाइम कोंबडीच्या पोटात पुरेसं नसतं, म्हणून तुम्ही पैसे मोजून आणलेला फॉस्फरस खालच्या खतात जाऊन पडतो. फायटेज हे तेच एन्झाइम, ते ही गाठ सोडवतं.

आता हिशेब. पुड्यावर ग्रॅमला ५,००० युनिट लिहिलं असेल, तर टनाला १०० ग्रॅम म्हणजे खाद्याच्या किलोमागे ५०० युनिट. पुडा १०,००० चा असेल तर ५० ग्रॅमच पुरे. हे न वाचता मापानं टाकणारे बरेच भेटतात. ५०० युनिटला ०.१ टक्का उपलब्ध फॉस्फरस मिळाला असं धरू, म्हणजे टनाला १ किलो. डीसीपीत फॉस्फरस १८ टक्के, तेव्हा साडेपाच किलो डीसीपीचं काम झालं. मी ५ किलोच काढतो. कोंडा किंवा पेंड प्रत्येक वेळी सारखी येत नाही.

डीसीपी ५ किलो कमी केलं आणि पंधरा दिवसांत टरफलं पातळ झाली. एन्झाइम खोटं निघालं का? (पलूस)

एन्झाइमला दोष देण्याआधी कॅल्शियम मोजा. त्या ५ किलोंबरोबर सव्वा किलोच्या आसपास कॅल्शियमही गेलं. त्याच्या जागी ३ किलो चुनखडी किंवा शिंपला घातला होता का? कंपन्यांच्या तक्त्यात फायटेजच्या नावावर कॅल्शियमही जमा दाखवतात. लेअरमध्ये, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांत, मी ते धरत नाही. एका अंड्याच्या कवचात २ ग्रॅमहून जास्त कॅल्शियम जातं आणि चुनखडी हा खाद्यातला सगळ्यात स्वस्त माल आहे. तिथे कसली काटकसर?

मात्र ती सगळी पीठ करून घालू नका. बारीक भुकटी फायटेटला धरून बसते, पोटातलं आम्लही कमी करते आणि फायटेजचा जोर उतरतो. निम्म्याहून अधिक २ ते ४ मिलिमीटरचे खडे असू द्या. कवच रात्री बनतं, आणि तेव्हा पेषणीत (कोंबडीच्या पोटातल्या दाणे दळणाऱ्या पिशवीत) हळूहळू विरघळणारे हे खडेच कामाला येतात.

मे महिन्यात ६५ आठवड्यांच्या पक्ष्यांची टरफलं पातळ होतात, त्यांना दुप्पट फायटेज द्यावं का? (सिन्नर)

नको. उन्हात पक्षी धापा टाकतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि कवचाला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. शिवाय खाद्यही कमी खातो. पाणी गार ठेवा, खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या. वय वाढलं की अंडं मोठं होतं, पण कवचातलं कॅल्शियम त्या मानानं वाढत नाही. तरुण कळपात मात्र अचानक बिनकवचाची अंडी दिसली आणि उत्पादन घसरलं, तर पशुवैद्यकाला बोलवा. ईडीएस (एग ड्रॉप सिंड्रोम) किंवा आयबी (इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस) हा विषाणूचा रोग असू शकतो, आणि त्यावर एन्झाइम काय करणार!

फायटेज घातल्यावर जस्त, मँगनीज कमी करू का? (खेड)

फायटेट जस्तालाही अडवतं, त्यामुळे थोडं सुटतं हे खरं. पण वाचणारे पैसे इतके किरकोळ की मी हात लावत नाही.

मिनरल मिक्श्चरमध्येच फायटेज आधी मिसळून ठेवलं तर? (बारामती)

महिनाभर एकत्र ठेवू नका, विशेषतः कोलीन क्लोराइड असेल तर. ते हवेतला ओलावा ओढतं आणि फायटेजची ताकद जाते. त्या दिवशीच्या घाण्यापुरतं २ ते ५ किलो मक्याच्या भरड्यात आधी कालवा, मग मिक्सरमध्ये टाका. मॅश, म्हणजे नुसतं भरडलेलं खाद्य असेल तर उष्णतेची धास्ती नाही, ती चिंता गरम करून गोळ्या पाडणाऱ्या पेलेटवाल्यांची.