नंबरप्लेट वाचता येते, मग गाडी का नको?

"मॅडम, पुढच्या गाडीची नंबरप्लेट मी आजही वाचतो. मग माझी चावी का लपवली?" सिडकोतले काका खुर्चीत टेकायच्या आधीच बोलले. अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर गाडी चालवलेली. सहा महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. हातपाय सावरले, पण दोन्ही डोळ्यांच्या नजरेतली डावी बाजू गेली.

डोळे तपासायच्या तक्त्याची शेवटची ओळ ते घडाघडा वाचत, हे खरंच. पण तो तक्ता समोरची नजर मोजतो, बाजूची नाही. शिवाय गेलेल्या बाजूला काळोख दिसत नाही, तिथे काही आहे हेच उमगत नाही. त्यामुळे "मला सगळं दिसतं" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. घरच्यांनी हे आधी समजून घ्यावं, ही माझी कळकळीची विनंती.

मी वाद घातला नाही. एका सकाळी मुलगा गाडी चालवायला, काका शेजारी, मी मागे वही घेऊन. कुणी आडवं येईलसं दिसलं की काकांनी डॅशबोर्डवर थाप मारायची. गंगापूर रोडवर उजवीकडे काही हललं की लगेच थाप पडत होती. अशोकस्तंभाजवळ डावीकडून एक शाळकरी मुलगी सायकल ढकलत रस्त्यात उतरली. मुलाने ब्रेक दाबला. काकांचा हात मांडीवरच.

"का थांबलास रे?"

सायकल काचेसमोरून उजवीकडे सरकली, तेव्हा ती त्यांना दिसली. पुढे घरापर्यंत ते बोलले नाहीत.

ताशी 40 किलोमीटरला गाडी सेकंदात 11 मीटर जाते. मान वळवेपर्यंत तेवढं अंतर संपलेलं असतं. बोस्टनच्या शेपेन्स नेत्रसंशोधन संस्थेत अशा रुग्णांना सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरच्या रस्त्यावर गाडी चालवायच्या यंत्रावर, बसवून पादचारी दिसला की हॉर्न दाबायला सांगितलं होतं. 2009 साली आलेल्या त्या अभ्यासात अंध बाजूचे पादचारी बरेच जास्त निसटले, मात्र माणसामाणसांत फरक मोठा होता. म्हणून सरसकट हो किंवा नाही मी कुणालाच सांगत नाही. आमची ती फेरीही डोळे उघडण्यापुरतीच होती. निर्णय फील्ड टेस्ट, म्हणजे बाजूची नजर मोजणारी तपासणी, पाहून डॉक्टरांनीच द्यायचा.

"मान वळवायची सवय केली तर?" काकांनी पुढच्या भेटीत विचारलं. सराव करा म्हटलं, न दिसणाऱ्या बाजूचं दृश्य नजरेत आणणाऱ्या चष्म्यावरच्या प्रिझमबद्दलही डॉक्टरांना विचारा, पण गेलेली नजर त्याने परत येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी ठरली आहे. चावी आता काकांनी स्वतःच मुलाकडे दिली आहे, आणि भाजीला जाताना काकू त्यांच्या डाव्या बाजूने चालतात.